हरभऱ्याची डबी

प्रिसिला दारात चपला काढत होती तेव्हाच उत्तराबाईंनी ठरवून टाकलं, आज या बाईला शेवटचा चहा. लागोपाठ तिसरा शनिवार! मानपाड्याच्या या बिल्डिंगीत पोरं काय कमी आहेत? पण हिला दिसतो तो आमचा सलिलच.

"दहा महिन्यांचा झाला, अजून 'बाबा' नाही, 'दादा' नाही," प्रिसिला सुनेला, मेघनाला सांगत होती. "कानांची मोठी तपासणी करून घ्या, ताई. ठाण्याला होते. आत्ता कळलं तर मशीन लावता येतं, पोर बोलायला लागतं. उशीर झाला की फार जड जातं."

मशीन! आलं ना पोटातलं ओठावर? कमिशन असणार, दुसरं काय. गळ्यात तपासणी केंद्राचं कार्ड अडकवलं म्हणून कुणी साधुसंत होत नाही.

"आमच्याकडे मुलं उशिराच बोलतात," उत्तराबाई म्हणाल्या. "आणि मागच्या दोन्ही वेळा डबीच्या खुळखुळाटाकडे वळला ना तो? मग?"

"वळला, काकू. म्हणून तर परत आले."

हे काय बोलणं झालं? उत्तराबाईंचा संशय आणखी बळावला. मेघना बिचारी दोघींच्या मध्ये अवघडून उभी. ती दिवसभर ऑफिसात. पोर वाढतंय ते आजीच्या अंगाखांद्यावर. दुपारभर दोघांचा खेळ चालायचा. इकडे बघ, तिकडे बघ, गुदगुल्या आणि खिदळणं. त्याला काय येतं नि काय नाही, हे आजीला सांगायला बाहेरची बाई कशाला हवी?

 तरी त्यांना आपला भाऊ आठवला. टेंभी नाक्यावर पोरं त्याच्या पाठीमागे लवंगी फोडायची आणि तो वळला नाही की टाळ्या पिटून हसायची. 'मुका' हेच त्याचं नाव पडलं, ते मरेपर्यंत. मेघनाला त्याच्याबद्दल कुणी कधी सांगितलं नव्हतं. देवा, तो शिक्का माझ्या सलिलच्या कपाळी नको रे!

"घ्या काकू मांडीवर," प्रिसिला म्हणाली.

उत्तराबाई नेहमीच्या खुर्चीत बसल्या. सलिलच्या दोन्ही बगलांत हात घालून त्यांनी त्याला घट्ट धरलं. प्रिसिलाने पिशवीतून हरभऱ्याची ती प्लॅस्टिकची डबी काढली आणि ती पाठीमागे गेली. खाली रस्ता खोदायचं मशीन धडधडत होतं. मागच्या दोन्ही वेळा तिने आधी खिडकी लावून घेतली होती. आज तेवढंही नाही. कामचुकार मेली!

समोरच्या शोकेसच्या काचेत पाठीमागचं सगळं दिसत होतं. उत्तराबाईंनी डोळ्यांत तेल घालून तिच्या हातावर नजर ठेवली. असल्या बायांचा काय भरवसा?

हात उजवीकडे गेला, हलला. सलिल उजवीकडे वळला.

हात डावीकडे. सलिल डावीकडे, आणि वर बोळकं पसरून हसलासुद्धा.

"गुणाचं गं माझं बाळ!" उत्तराबाईंचे डोळे भरून आले. "झालं समाधान? लिहा आता तुमच्या कागदावर."

मेघनाने सुटकेचा श्वास सोडला. "म्हणजे ठाण्याला जायला नको ना?"

प्रिसिला समोर येऊन उभी राहिली. तिने कागद काढलाच नाही. सलिलच्या गालावरून हात फिरवत ती हळूच म्हणाली, "काकू, आता बोटं काढा त्याच्या बगलेतून."

मग तिने डबीचं झाकण उघडलं आणि ती मेघनाच्या ओंजळीत उपडी केली. हरभऱ्याचा एक दाणासुद्धा पडला नाही.