मांडीखालचे हात

सव्वा वर्षाच्या ठमीने खुळखुळा उजव्या हाताने घेतला. समोर बसलेल्या ताईने दुसरा पुढे केला, तेव्हा पहिला खुशाल टाकून देऊन तोही उजव्याच हाताने घेतला. डावा हात कुशीला चिकटून होता, अंगठा मुठीत दडवून. शेजारी गादीवर बसलेल्या आईचा चेहरा पडला. जन्मापासून मागे राहिलेल्या त्या हाताकडून कितपत आशा धरायची, हे आज कळणार होतं.

तयारीत तिने कसर ठेवली नव्हती. घरी रोज दुपारी ठमीच्या डाव्या हातात बाहुली कोंबून 'धर, धर' चालायचं. पोरीला परीक्षेला बसवतेस की काय, असं सासूबाई म्हणाल्याही होत्या. पण इथे दवाखान्यात बाहुली निघालीच नाही. लहान मुलांच्या हातांची हालचाल तपासणारी ताई 'धर' म्हणत नव्हती की 'सोड' म्हणत नव्हती. खेळणं मधोमध ठेवायची आणि गप्प बघत राहायची. कोपऱ्यात कॅमेरा चालू होता.

मग ताईने एक गोल डबा ठेवला. आत चेंडू खडखडला, तसे ठमीचे डोळे चमकले. तिने उजव्या हाताने झाकण ओढलं, तर अख्खा डबाच सरकत आला. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच. मग मानसुद्धा न वळवता ठमीने बाजूला हात घातला, आईचं मनगट पकडलं, आईचा पंजा आणून डब्यावर ठेवला आणि निवांतपणे झाकण ओढायला लागली. रोजचंच काम असल्यासारखी. रोजचंच होतं ते.

"हिचा डावा हात तुमच्याकडे आहे तर," ताई म्हणाली.

आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तळहातावरच्या फोडासारखी जपली होती पोर. वाटी आईने धरायची, बाही आईने ओढायची, तेही ठमीने मागायच्या आत. ताई रागावली नाही. माझी असती तर मीही हेच केलं असतं, म्हणाली, आणि आईला दोन्ही हात मांडीखाली घालून बसायला सांगितलं.

ठमीने पुन्हा बाजूला हात घातला. मनगट जागेवर नव्हतं. तिने चाचपलं, आईची बाही ओढून पाहिली, एकदा आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं.

"घेऊ का हिला?" आईने विचारलं.

"अजून जरा थांबू या."

रडता रडता ठमीने झाकणाला हिसका दिला. डबा परत सरकला, तशी ती चांगलीच चिडली. त्या चिडण्याच्या भरात डावी मूठ कुशीतून सुटली आणि डब्यावर आपटली. आपटली ती तिथेच राहिली. बोटं उघडली नाहीत, अंगठा बाहेर आला नाही, पण डबा जागचा हलला नाही. झाकण निघालं.

रडणं मधल्यामध्येच थांबलं. काम खूप आहे, ताई हळूच म्हणाली, पण हा हात मदतीला यायला तयार आहे. आईला हसू की रडू, काहीच कळेना.

झाकणाच्या हिसक्याने आडव्या झालेल्या डब्यातून चेंडू बाहेर पडला आणि घरंगळत आईच्या गुडघ्याशी येऊन थांबला. ठमीने ओल्या गालांनी आधी चेंडूकडे पाहिलं, मग आईकडे. सवयीने आईचा हात अर्धा बाहेर आला.

तिने तो परत मांडीखाली सारला आणि त्यावर नीट दाबून बसली.