रगत पिणाऱ्याचा खेळ

"हा रक्त पिणाऱ्या भुताचा सिनेमा आज लागला, तर रक्त मिळायचं विसर," डॉक्टर जाफरला म्हणाले.

जाफर टुरिंग टॉकीजचं मशीन चालवायचा. तंबू कवठे महांकाळला पडला होता. त्याची बायको शमशाद तिथल्याच दवाखान्यात. बाळंतपणात रक्त जाऊन पांढरीफटक. उद्या ऑपरेशन. जाफरचं रक्त जुळलं नव्हतं. तो गावभर हिंडला. रक्ताचं नाव काढलं की दारं लागत.

मालकाला तो म्हणाला, "नाथाजीराव, आज दुसरं कायतरी लावूया."

"खुळा का काय रं? लोक गाड्या जुंपून आल्यात. भाईर बघ जरा."

पहिलं रीळ.

पडद्यावर मढ्याच्या पेटीचं झाकण सरकलं. आत राखेच्या रंगाचा एक वाळका सायेब. बोलणं इंग्रजी, कुणालाच कळेना. पुढं बसलेल्या धोंडुबाईनं शेजारणीला विचारलं, "मेलाय न्हवं ह्यो?"

"कवाच!"

दिवे. रीळ बदललं.

दुसरं रीळ.

सायबानं एका पोरीच्या मानेत दात रोवले. तंबूत बिडी ओढायचंही कुणाला सुचेना. मशीनमागं जाफरनं डोळे मिटून घेतले.

दिवे.

शेवटचं रीळ.

सायबाच्या गालावर लाली चढली. केस काळे झाले. तो उठला, ताठ, पडदाभर. कुणीतरी गुपचूप पायताण काढून बाजूला ठेवलं. मग सगळ्यांनीच.

दिवे लागले, तरी कुणी उठेना.

सकाळी दवाखान्यापुढं तंबूतली अख्खी गर्दी. जाफरनं आतून कडी घातली.

"डॉक्टरसाहेब, तुमी मागल्या दारानं जावा. तुमालाच रगत पिणारा समजत्यात."

दारावर थाप पडली. "उघड रं जाफऱ्या!" धोंडुबाईचा आवाज.

"आवं मावशी, सिनेमा हाय त्यो. खोटा!"

"खोटा कसा? ह्या डोळ्यांनी बघितलाय. घोटभर रगतावर मेलेला उठला. तुझी बायकू तर जिती हाय. उघड!"

जाफरनं कडी काढली. दार उघडलं. बायाबापड्या, गडी, सगळे रांगेत उभे होते. गड्यांनी सदऱ्याची वरची बटणं काढली होती.

धोंडुबाई आत येऊन स्टुलावर बसली. पदर सारला, यमाईचं नाव घेतलं, डोळे गच्च मिटले आणि डॉक्टरांपुढं मान वाकडी केली.

"जरा हळू चावा, सायेब."