वाडीचा वीर

मजुरानं पहिली कुदळ उगारली आणि नवशा ठाकर सरळ कबरीवर जाऊन बसला. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. त्यानं मांडी घातली, कमरेची चंची सोडली आणि पान लावायला घेतलं.

"ऊठ रं नवशा," येसाजी पाटील म्हणाला. "सरकारी काम हाय."

"सरकारचं काम हुं द्या की. मी बसलोय माज्या जाग्यावर."

"तुजी जागा? खाली कोन निजलंय ठावं हाय ना?"

"हाय. आमचा वीर हाय."

येसाजी खालच्या गावचा पोलीस पाटील. रानातल्या या ठाकुरवाडीवर तो सकाळीच लष्कराचा अधिकारी आणि चार मजूर घेऊन चढून आला होता. मजुरांनी रिकामी लाकडी पेटी आणली होती. तीन महिन्यांपूर्वी इथं पडलेल्या विमानाचा वैमानिक, फ्लाइट लेफ्टनंट डिमेलो, त्या पेटीतून पुण्याच्या लष्करी दफनभूमीत न्यायचा होता.

ते विमान येसाजीनं स्वतः पाहिलं होतं. शत्रूच्या मुलखावर जाऊन फोटो काढणाऱ्या तुकडीचं ते. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाण्याआधी त्यांचा सराव या डोंगरांवर चाले. आघाडीवरून त्यातली बरीच विमानं परतत नसत. कुठं पडली, माणसांचं काय झालं, काही कळत नसे. हे मात्र इथंच गेलं. भर दुपारी ते झोकांड्या खात वाडीवर आलं. वरईची मळणी चालली होती. बायका, म्हातारे, तान्ही पोरं, झाडून सगळी वाडी खळ्यावर होती. आता विमान खळ्यातच पडणार असं वाटलं, तेवढ्यात त्यानं एक पंख आभाळाकडं उचलला, अंग चोरून वळलं आणि पुढच्या दरीत कोसळलं. वाडीत कोंबडंसुद्धा मेलं नाही.

लष्करानं येऊन कॅमेरा नेला, कामाची यंत्रं नेली. वैमानिकाला वाडीनं त्याआधीच पुरलं होतं. परक्या मुलखात मेलेल्याला घरच्यासारखा हात लागावा म्हणून नवशाच्या आईनं, चिंधी म्हातारीनं, त्याला एकटीनं न्हाऊ घातलं होतं. मग कबरीच्या उशाशी दगड उभा राहिला आणि त्याला शेंदूर लागला. दुसऱ्यांना वाचवताना मेलेला माणूस वाडीचा वीर होतो. सणाला पहिला नैवेद्य त्याचा. पेरणीआधी पहिलं विचारणं त्याला. असा वीर उकरून नेला तर वाडीला राखणदार उरत नाही.

अधिकारी तरुण होता, पंजाबकडचा. नाव नंदा. डाव्या हाताला अजून पट्टी होती. "ये उठता क्यों नहीं?" त्यानं विचारलं. येसाजीनं आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत सगळं सांगितलं.

नंदानं दगडावरच्या शेंदराला बोट लावून पाहिलं. मग म्हणाला की त्या विमानात तोही होता. फोटो घेणं त्याचं काम. डिमेलोच्या शेजारीच बसायचा. अगदी शेवटी, विमान दरीकडं वळल्यावर, हवाई छत्री घेऊन उडी मारली आणि वाडीला न दिसता डोंगरापलीकडं पडला.

येसाजीनं हे वाडीला समजावलं, तशी कुजबुज उठली. "म्हंजी एक जिता ऱ्हायला व्हय," वाडीतली ठमी म्हणाली. "बरा दिसतोय की. दोन घास कमी खातोय येवढंच."

नवशा उठून उभा राहिला.

"मंग ह्यालाच इचारा, पाटील. आमी खालनं बगितलं, ह्यो आत व्हता. इमान वीरानंच वळवलं का नाय? नाय म्हनला तर खनून न्या. मी आडवा यायचा नाय."

येसाजीला ते शब्द पोचवताना जड गेलं. पण पोचवले. मजूर कुदळीवर रेलून ऐकत होते. नंदानं एकदा आपल्या पट्टीच्या हाताकडं पाहिलं.

"हां," तो म्हणाला. "उसीने मोडा. आखिर तक हवाई जहाज नहीं छोडा."

मग त्यानं मजुरांना पेटी रिकामीच उचलायला सांगितली. येसाजीला एवढंच म्हणाला, की डिमेलो अनाथाश्रमात वाढलेला. पुण्यात त्याच्या कबरीवर यायला कुणी नाही. इथं आहेत. वरिष्ठांना काय सांगायचं ते आपण सांगू.

नवशानं नारळ फोडला. चिंधीनं पहिला तुकडा उचलला, नंदाच्या हातावर ठेवला, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"काय गं म्हातारे," येसाजी हसून म्हणाला. "वीराच्या आधी पावन्याला?"

म्हातारीनं त्याला बाजूला घेतलं.

"न्हाऊ मीच घातलं त्याला, पाटील. नरड्यात वीतभर काच, आन् काचंसंगं गिधाडाची पिसं रुतलेली. गिधाडं ऱ्हातात पल्याडच्या कड्याला. इमानाची काच फोडून गिधाड आत घुसलं आसंल. तितंच, वरच्या वर मेला त्यो. वाडीपत्तुर आला त्यो मेलेलाच."

येसाजीनं वळून पाहिलं. नंदा कबरीसमोर ताठ उभा राहून सलाम करत होता.

"मंग इमान ह्यानं..." येसाजीचा आवाज खाली आला. "आन् तू मघाशी बोलली का नाय गं?"

"काय बोलू? जित्याला शेंदूर लावत नाय आमी."