परवानगी एकाची

"काका, तुम्हाला जाता येईल. काकूंना नाही," विमानतळाच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"असं कसं? दोघांचे अर्ज मीच भरलेत!" नवऱ्यानं सुनावलं. आजूबाजूच्या चार लोकांना ऐकू जाईल अशा बेतानं.

मुलीनं बायकोचे दोन पासपोर्ट पुढे धरले. नव्याला जुना रबरबँडनं बांधलेला. जुना कागद टाकायचा नाही, हा नवऱ्याचाच शिरस्ता. "तिकडच्या प्रवेशाची परवानगी या जुन्याच्या नंबरवर आलीय. तो तर रद्द झालाय. यावर कुणाला विमानात बसवायची आम्हाला मनाई आहे."

बायकोला सगळं उमगलं. अर्ज भरताना ती मागेच उभी होती. 'अहो, वरचा जुना आहे,' असं म्हणालीही होती. 'तू तुझं काम बघ,' एवढंच उत्तर मिळालं होतं.

परवा तिकडे लेकीचं सिझेरियन. जावई महिनाभर जहाजावर. 'बाबा नाही आले तरी चालेल आई, पण तू ये,' असं लेक रोज फोनवर म्हणायची.

"अर्ज तुमच्याच फोनवर आहे ना काका?" मुलीनं आवाज मऊ केला. "मग तुम्ही थांबा. आत्ताच नंबर दुरुस्त करा, सकाळपर्यंत नवी परवानगी येते, उद्याच्या विमानात दोघांना जागा देते. वेळेत पोचाल."

वाट अगदी सरळ होती. पण थांबायचं म्हणजे चूक कबूल करायची, आणि नवऱ्याचं घोडं नेमकं तिथंच पेंड खायचं.

"घोळ तुमच्या कॉम्प्युटरचा, आणि थांबू मी?" तो म्हणाला. मग बायकोकडे वळला. "एकानं तरी पोचायला हवं. तू घरी जा. तिथं गेलो की तुझं बघतो."

"अहो, पण तिला..."

"सांगितलं ना, बघतो!"

बोर्डिंग पास घेऊन तो तरातरा निघाला. काउंटरवरच्या मुलीनं पट्ट्यावरची दुसरी बॅग उतरवून दिली. बाळाची दुपटी त्याच बॅगेत होती.

बायको भिंतीकडच्या खुर्चीवर टेकली. राग येत होता, लाज वाटत होती, आणि रडू काही केल्या फुटत नव्हतं.

एवढ्यात रांग मोडून नवरा परत येताना दिसला. धापा टाकत, लोकांना ढकलत. तिचा जीव भांड्यात पडला. कितीही हेकट असला तरी बापच तो, असं मनाशी म्हणत ती उठलीसुद्धा.

"माझ्या गोळ्या कुठं ठेवल्यास?" त्यानं विचारलं.

तिनं पर्समधली डबी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"पांढरी सकाळी, पिवळी रात्री जेवल्यावर," ती म्हणाली. "आणि हे तिथं पोरीला विचारत बसू नका. ती बाळंतीण असेल."