नदीचा उतार

वडिलांनी सकाळीच दोन घोड्यांवर खोगीर चढवलं. एक स्वतःसाठी, एक उलकानसाठी. बर्फ वितळून नदी करडी झाली होती, पण उताराशी पाणी घोड्याच्या पोटापर्यंतच होतं.

"चल गं, शिंगरू," ते म्हणाले. चाळिशीच्या लेकीला ते अजून शिंगरूच म्हणायचे. "पलीकडे कुरणावर जाऊन चहा पिऊ. फार तर भिजशील."

"उद्या जाऊ, अताके," ती बापाला म्हणाली. "पाणी जरा ओसरू दे."

"तुझं हे 'उद्या' बाराव्या वर्षापासून चाललंय. शहरात पोरांना शूरवीरांच्या गोष्टी शिकवतेस म्हणे! पगार कसला घेतेस मग?"

ते हसले. मग पट्टा आवळता आवळता थांबले.

"एक मात्र मला कधी कळलं नाही. तोरूसारखा घोडा, जन्मात पाण्याला बुजला नाही. नेमकी तू पाठीवर असताना त्याला काय झालं?"

शब्द उलकानच्या ओठांपर्यंत आले होते. ती घरात गेली आणि कणीक मळायला बसली. नको तितकी मळली. बाहेर तिच्या घोड्याचं खोगीर उतरवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी वडील उठलेच नाहीत.

अंगणात लोकरी तंबू उभा राहिला. पडद्याआड वडिलांना ठेवलं. बायका रीतीप्रमाणे दाराकडे पाठ करून, तंबूच्या जाड लोकरी नमद्याच्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. बाहेर टापा वाजायच्या, पुरुष हंबरडा फोडत यायचे, आणि आतून लेकीनं विलाप गायचा. चाल ठरलेली, शब्द तिचे स्वतःचे.

दोन दिवस झाले, उलकानचा घसा उघडला नव्हता. बोटं नमद्यातली लोकर उपटत होती. उठावं, कुठंतरी निघून जावं असं सारखं वाटत होतं. पण दार पाठीमागे होतं, आणि लेकीनं वळून बघायचं नसतं.

"गा की गं," बूबूश आत्यानं कोपर मारलं. "माझा घसा बसला. एवढी पुस्तकं वाचलीस, बापासाठी चार ओळी सुचेनात? लोक म्हणतील, बेकबोलोतची लेक मुकी निघाली."

"सुचतात, आत्या. त्याच तर म्हणवत नाहीत."

पुन्हा टापा वाजल्या. आत्यानंच सूर लावला. भाऊ किती दिलदार होता ते गाता गाता ती तोरूवर आली. सात शर्यती जिंकलेला, डोळ्यांत तेल घालून जपलेला घोडा. त्यानं लेकराला नदीत पाडलं, म्हणून माझ्या भावानं स्वतःच्या हातानं त्याच्या मानेवर सुरी फिरवली. लेकीपुढे त्याला घोडा काय, जग काय!

बाहेर कुणीतरी मोठ्यानं हुंदका दिला. आतल्या बायकांनी ओळ उचलली, एकदा, दोनदा. शेजारची पोरगी ओठ हलवून ती पाठ करू लागली.

उलकाननं मुठीतली लोकर टाकली आणि आत्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. आत्या थांबली. मग बाकीच्या थांबल्या.

चाल काही केल्या सापडेना. तेव्हा ती पडद्याकडे वळली आणि बाहेर उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात नुसतीच बोलली.

"अताके, तोरू बुजला नव्हता. पाणी बघून मीच लगाम सोडला, मीच उडी टाकली. त्यानं मला पाडलं नाही. तो मधोमध उभा राहून माझी वाट बघत होता."