कागद काढल्यावर

अर्धांगवायूने उजवा हात अधू झाला आणि दिगंबर टेलरांचं मशीन थांबलं. बोटांना काम हवं, म्हणून सून रेवतीने जुन्या लग्नपत्रिकांचे षटकोन कापून दिले. "अण्णा, कागदावर चिंधी दुमडून कच्चे टाके घालायचे, मग कडेला कड शिवायची. सावकाश."

महिनाभर ते शिवत राहिले. टाक्यामागून टाका पडताना मन इतकं निवायचं, की दुपारचा चहा गार व्हायचा.

मधल्या एकाभोवती सहा, असा आज सातवा षटकोन जोडला. अण्णांनी कच्चे टाके उसवले, कागद ओढून काढले. जोड जागचे हलले नाहीत. तळहातावर कापडाचं फूल उरलं!

"रेवती, धावत ये!"

ती कणकेच्या हातांनीच आली. "अय्या! उशीला लावू या."

"उशी कसली? अख्खी गोधडी करायची!"

आजारपणानंतर पहिल्यांदाच त्यांनी स्वतःची कात्री मागितली.