एका शतांशानं

"पुन्हा एका शतांशानं गेलं!" मृत्युंजयनं मोबाइल गादीवर आपटला.

खेळ तसा साधा. एक ट्रॅक्टर, उसानं खच्चून भरलेल्या दोन ट्रॉल्या, घाटाची चौदा वळणं. ट्रॉली उलटू न देता वर पोचायचं. आठ महिन्यांपूर्वी त्याला पाच मिनिटं लागायची. आता दोन मिनिटं नऊ सेकंद. तरी पडद्यावर रोज तेच यायचं : 'बीड जिल्ह्यात दुसरा.' वरच्या ओळीत 'वादळ' नावाचा कुणीतरी. दर वेळी एक शतांश सेकंद पुढं.

"दादा, याला काई हद हाय का न्हाई?" धाकट्या शिवानीनं विचारलं.

"मलाबी वाटायचं, हाय. दोन पंधराच्या खाली कुणाच्या बापाला जमणार न्हाई म्हणायचो. मला जमलं. त्याच दिवशी त्यालाबी जमलं. मी दोन बारा केले, त्यानं केले. कुठली हद आलीय?"

"झोपतो कवा तो?"

"मी झोपतो तवाच झोपत असंल."

त्याच्या वडलांचं, रुद्रप्पांचं, युसूफ वडगावात किराणा दुकान. ते दारातून म्हणाले, "इष्टलिंग हातावर घेऊन असा बसला असतास, तर महादेव चहाला आला असता घरी."

मृत्युंजय हसला नाही. त्याचं बोट पुन्हा नवव्या वळणावर होतं.

मग कंपनीचा निरोप आला. जिल्ह्यातल्या पहिल्या दोघांची बीडला समोरासमोर लढत. जिंकेल त्याला पुण्याच्या संघात पगारी जागा. सोमवारी, सकाळी अकराला. सोमवारीच दहाला केजमध्ये त्याचा बी.कॉम.चा शेवटचा पेपर.

"पेपर सोडणार?" रुद्रप्पांनी विचारलं.

"सोडणार. दोघांतच तर हाय, अप्पा. एकाला पाडायचं."

"आन् पडलास तर?"

"तर जल्मभर तुमच्या दुकानात साखर तोलतो. खेळाचं नाव काढणार न्हाई."

रुद्रप्पांनी चुलीपाशी बसलेल्या महानंदाकडं बोट केलं. "आईसमोर बोललास. बास."

पंधरा दिवसांत अंगठ्याची साल निघाली. जेवताना ताटाच्या काठावर बोटं वळणं घ्यायची. महानंदानं एकदा ताट ओढून घेतलं, तर बोटं जमिनीवर चालू. रविवारी त्यानं दोन सात चाळीस केले. घरभर ओरडला. मग वरची ओळ पाहिली. वादळ : दोन सात एकोणचाळीस.

सोमवारी स्टँडवर त्याचा दोस्त बजरंग विजेच्या खांबावर चढून फ्लेक्स बांधत होता. गावातले पुढारी अमरसिंहदादा त्यात बैलाएवढे, मृत्युंजय कोपऱ्यात कोंबडीएवढा. खाली लाल अक्षरं : 'बीड जिल्ह्यात दुसरा! हार्दिक अभिनंदन!'

"दुसरा काहून लिहिलं बे? जगाला सांगायची काय गरज?"

"पहिला असतास तर दादांनी डीजे लावला असता," बजरंग वरून म्हणाला. "ये त्याला पाडून. रंग लावून खोडतो मी. चढ गाडीत."

केजला गाडी दहा मिनिटं थांबली. त्याच्या वर्गातली पोरं पॅड घेऊन कॉलेजकडं चालली होती. एकानं खिडकीवर थाप मारली. "ए मृत्युंजय, उतर की बे! पेपर हाय!"

 त्याचे पाय एकदा उठले. पायरीपर्यंत गेलाही. मग त्या शतांशाची आठवण आली. तो परत येऊन बसला आणि त्यानं काच ओढली.

गाडी मांजरसुंब्याचा घाट उतरताना तो प्रत्येक वळणाला गुडघ्यावर ब्रेक दाबत होता. वादळ कसा असेल? पैसेवाल्याचा असेल. घरी एसी असेल. समोर आला की आधी त्याचे अंगठे बघायचे, त्यानं ठरवलं.

बीडच्या सभागृहापाशी तो अकराला दहा कमी असताना पोचला. कुंपणाच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फ्लेक्स बांधलेले. आष्टीचा अंगद, जिल्ह्यात दुसरा. नेकनूरची सायली, जिल्ह्यात दुसरी. धारूरचा, गेवराईचा, परळीचा. सगळे दुसरे. पोरांची रांग दारातून जिना उतरून पार रस्त्यावर आली होती. कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. तो शेवटी जाऊन उभा राहिला, तसा पुढचा पोरगा झटक्यात वळला आणि मृत्युंजयच्या अंगठ्यांकडं बघत म्हणाला, "वादळ तूच का बे?"